पावणेपाचचा हात

प्रेस थांबली तसे अशरफभाईनं दोन्ही हात वर केले. पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे.

"बघ गोरख, नीट बघ. दहाच्या दहा बोटं इथं आहेत. मी आत काहीसुद्धा घातलं नाही."

प्रेसच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला होता. लाल म्हणजे समोरच्या पडद्यातून कुणाचा तरी हात आत गेलाय. वरून खाली येणारा रॅम, म्हणजे तो चाळीस टनांनी दाबणारा ठोकळा, अर्ध्यावर लटकला होता. मी वाकून पाहिलं. आत हात नव्हता, चिंधी नव्हती, पत्र्याचा कुसळाएवढा तुकडा नव्हता. नुसती मोकळी जागा.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. आदल्या दिवशीही पावणेपाचच झाले होते. त्याच्या आदल्या दिवशीही.

"लिंबाजीचा हात आहे तो," अशरफभाई हळूच म्हणाला.

"लिंबाजी जिवंत आहे, अशरफभाई. रांजणगावात घरी बसलाय."

"मी लिंबाजीचं कुठं म्हणतोय? त्याच्या हाताचं म्हणतोय. हात तर मेला की नाही?"

दहा मिनिटांनी दिवा आपोआप हिरवा झाला. अशरफभाईनं मशीनला हात लावून कपाळाला लावला आणि कामाला लागला. पण पुढची पट्टी ठेवण्याआधी त्यानं दिव्याकडे दोनदा पाहिलं.

ही गोष्ट वाळूजची. तिथल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. इंजिनियर वगैरे नाही. दहावीत दोनदा आपटलो, मग टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता रिमोट उघडायला शिकलो आणि त्या रिमोटच्या जोरावर कंपनीत लागलो. आम्ही ट्रॅक्टरच्या सीटखालच्या लोखंडी पट्ट्या दाबायचो. सहा प्रेस होत्या. त्यातल्या चार नंबरवर लिंबाजी मस्के नऊ वर्षं काम करत होता.

चार नंबरला पडदा होता. पडदा म्हणजे कापडाचा नव्हे, उजेडाचा. प्रेसच्या तोंडाशी डावीकडे एक उभा खांब, उजवीकडे एक. डाव्या खांबातून उजेडाचे सोळा किरण निघायचे, उजव्या खांबातले सोळा डोळे ते झेलायचे. मधे हात आला की किरण तुटायचा, डोळ्याला उजेड मिळायचा नाही, आणि प्रेस जागच्या जागी थांबायची. हा उजेड माणसाला दिसत नाही. रिमोटचा दिसत नाही तसाच. कंपनीनं पडदा कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून जुना आणला होता. मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब तपासणीला आले की त्यांना पहिल्यांदा चार नंबर दाखवायचे. बाकीच्या पाच प्रेसना काय होतं? काही नव्हतं. त्या पाचांकडे साहेबांना न्यायचेच नाहीत.

पडदा रोज सकाळी तपासायचं काम माझं. एक काळी दांडी होती. ती डाव्या खांबाला लावून वरून खाली फिरवायची, दिवा लाल झाला की रजिस्टरात सही करायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या वर्षी खंडेनवमीला लिंबाजीनं चार नंबरची पूजा जोरात केली. प्रेसच्या तोंडाशी, पडद्याच्या अगदी खाली, पट्ट्या ठेवायला एक फळी होती. गंजून तिचं पार वाटोळं झालेलं. लिंबाजीनं शेजारच्या भांड्यांच्या कारखान्यातून स्टीलचा एक पत्रा मागून आणला.

"गोरख्या, हा बसवून दे. देवीपुढं गंजकी फळी बरी दिसत न्हाई. नऊ वर्षं पोटाला घालायलीय ही."

मी चार स्क्रू मारून पत्रा फळीवर बसवला. त्यावरचं निळं प्लास्टिक मीच ओढून काढलं. खाली आरसा निघाला आरसा. लिंबाजीनं त्यात मिशा बघितल्या, टोपी सरळ केली. मग त्यावर नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, आणि सगळ्यांना पेढे वाटले. बोराडे साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, दोन पेढे घेतले.

त्यानंतर अकराव्या दिवशी चार नंबरनं लिंबाजीचा उजवा हात घेतला.

पट्टी आत अडकली होती. ती सरळ करायला त्यानं हात घातला आणि त्याच वेळी रॅम खाली आणणाऱ्या पेडलवरचा पाय दाबला गेला. असं नऊ वर्षांत अनेकदा झालं असेल, आणि दर वेळी पडद्यानं प्रेस थांबवली असेल. त्या दिवशी थांबवली नाही. मनगटापासून पुढचं काही दवाखान्यातही वाचवता आलं नाही.

टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो ओरडत नव्हता. एकच विचारत होता.

"गोरख्या, पडदा चालू होता ना रं?"

"होता."

"मग?"

दवाखाना येईपर्यंत त्यानं हे चार वेळा विचारलं. मी चार वेळा 'होता' म्हणालो.

संध्याकाळी बोराडे साहेबांनी मला पडदा तपासायला लावला. मी दांडी आणली, खांबाला लावून वरून खाली फिरवली. लाल. परत फिरवली. परत लाल.

"पडदा ठीक आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे."

"मग हात गेला कसा? किल्ली फिरवली असणार त्यानं."

पडदा बंद ठेवून प्रेस चालवायची एक किल्ली असते. डाय, म्हणजे आतला साचा, बदलताना लागते. ती प्रेसशेजारच्या खिळ्यालाच लटकलेली असायची. घाईच्या वेळी पोरं ती फिरवून काम उरकायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यात जास्त साहेबांना ठाऊक होतं, कारण घाई त्यांचीच असायची.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं: पडदा तपासला, व्यवस्थित आढळला. ऑपरेटरने किल्ली वापरून सुरक्षा बंद केली होती. खाली माझी सही. लिंबाजी दवाखान्यातून सांगत राहिला की मी किल्लीला हात लावला नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. मीसुद्धा ठेवला नाही. पडदा खोटं कसं बोलेल? माणूसच खोटं बोलतो, असं मला तेव्हा वाटायचं. सुरक्षा मोडणाऱ्याला कंपनी परत घेत नाही, म्हणून त्याला गेटवर बसायचं कामही नाकारलं. नऊ वर्षं राबलेल्या माणसाच्या नावापुढं लबाड असं लिहून टाकलं, आणि त्याला पेन माझं होतं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात हे पावणेपाचचं सुरू झालं.

चौथ्या दिवशी अख्खी शिफ्ट चार नंबरपासून लांब राहून घड्याळ बघत होती. अपघात पावणेपाचलाच झाला होता असं लोक छातीठोक सांगायला लागले. झाला होता साडेतीनला. रजिस्टरात मीच वेळ लिहिली होती. पण मी ते बोलून दाखवलं तर लोक माझ्याकडेच संशयानं बघायला लागले.

बोराडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रोज पंधरा मिनिटं मशीन उभं राहतंय. काय करतोस तू?"

"शोधतोय साहेब. वायरी पाहिल्या. खांब पुसले."

"शोध नंतर. उद्यापासून साडेचारला किल्ली फिरव, पाचला परत चालू कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "साहेब, किल्ली फिरवली म्हणून तर लिंबाजीला..."

"लिंबाजीनं न विचारता फिरवली. तू मला विचारून फिरवतोयस. फरक आहे की नाही?"

फरक होता. लिंबाजीच्या वेळी हात लिंबाजीचा होता, आता अशरफभाईचा असणार होता. मी मान हलवली आणि बाहेर आलो. किल्ली मात्र खिळ्यावरून काढून माझ्या खिशात घातली. पाचव्या दिवशी मी साडेचारलाच चार नंबरपाशी जाऊन उभा राहिलो.

अशरफभाईनं विचारलं, "काय, हात धरून ठेवणार का त्याचा?"

"तुम्ही काम करा. मला बघू द्या."

"अरे पण तुझा हा पडदा बघतो तरी कसा, ते सांग ना. डोळे डोळे म्हणतोस, डोळे आहेत कुठं?"

मी त्याला उजव्या खांबातली काळी काच दाखवली. "हिच्यामागं सोळा चकत्या आहेत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या. सिलिकॉनच्या. सिलिकॉन म्हणजे वाळूतनंच काढतात. त्या चकतीत दोन थर असतात, एकावर एक. दोन थरांच्या सीमेवर उतार असतो म्हण. उजेड पडला की त्याच्या धक्क्यानं आतला एक कण जागेवरनं सुटतो. सुटला की उतारावरनं एका बाजूला घरंगळतो. आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसऱ्या बाजूला जाते. असे लाखो कण, लाखो रिकाम्या जागा. तोच करंट. करंट आला म्हणजे उजेड आहे, उजेड आहे म्हणजे मधे कुणी नाही."

अशरफभाईनं पट्टी तशीच हातात धरली. "रिकामी जागा चालते?"

"चालते."

"चालत जाऊन काम करते?"

"कणाइतकंच करते."

"मग मी काय वेगळं सांगत होतो?" तो म्हणाला. "लिंबाजीची रिकामी जागाच येतेय रोज."

मी हसलो. तेवढ्यात दिवा लाल झाला.

रॅम अर्ध्यावर थांबला. माझ्या मानेवर ऊन लागलं, म्हणून मी वळलो. पश्चिमेच्या भिंतीत वर एक झरोका होता. त्यातून उन्हाची एक पट्टी तिरकी येऊन सरळ उजव्या खांबाच्या काळ्या काचेवर पडली होती.

इतके दिवस मी वायरी चाचपत होतो, आणि सूर्य माझ्या पाठीमागून येऊन जात होता. झरोक्याची काजळलेली काच ह्याच पावसाळ्यात फुटली होती, आणि पाऊसकाळ संपेपर्यंत ह्या वेळेला सूर्य बाहेरच्या पाण्याच्या टाकीआड असायचा. आता थंडीत तो दक्षिणेला सरकला, टाकी सुटली, आणि दहा मिनिटं त्याला झरोका सापडला. लग्नात कानापाशी ताशा वाजत असताना कुणी हळू हाक मारली तर ऐकू येईल का? तसं झालं होतं. उन्हाच्या मारानं चकत्या इतक्या भरून गेल्या की समोरच्या खांबाची बारीक हाक त्यांना कळेना. आणि हाक कळली नाही की हे यंत्र एकच समजतं, मधे कुणीतरी आलंय, थांबा. भित्रं यंत्र. ते भित्रंच पाहिजे.

मी डोक्यावरची टोपी काढून काळ्या काचेसमोर उन्हात धरली. दिवा हिरवा. काढली, लाल. धरली, हिरवा.

"हा बघा तुमचा लिंबाजीचा हात!" मी ओरडलो.

अशरफभाई खूश झाला. त्याच्याकडे नवाच घेतलेला कॅमेऱ्याचा चायना मोबाइल होता. त्याला प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायचा असायचा. "थांब, उन्हाचा फोटो काढतो. पोरांना दाखवायला पाहिजे, नाहीतर कुणी मानणार नाही."

मोबाइल बघून मला आमच्या दुकानातली जुनी युक्ती आठवली. रिमोटचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण स्वस्त कॅमेऱ्याला दिसतो. कॅमेऱ्यातही तशीच सिलिकॉनची चकती असते. मी म्हटलं, ऊन नसताना ह्या खांबाला समोरचं काय दिसतं, ते एकदा बघू. टोपी खांबाला चिंधीनं बांधून सावली केली, मोबाइल उजव्या खांबापाशी फळीच्या वर, खालच्या डोळ्यांच्या उंचीला धरला आणि स्क्रीनमध्ये पाहिलं.

समोरच्या खांबावर जांभळट ठिपक्यांची उभी ओळ होती. नुसत्या डोळ्यांना काळा दिसणारा खांब मोबाइलमध्ये टक लावून बघत होता. अंगावर काटा आला, पण ते मला अपेक्षित होतं.

अपेक्षित नव्हती ती खालची ओळ. फळीच्या खाली, जिथं काहीच नाही तिथं, अगदी तशीच दुसरी ओळ होती. उलटी. विहिरीच्या तळातून बघितल्यासारखी.

मी स्क्रीनवरून नजर काढून खाली पाहिलं. खंडेनवमीचा पत्रा. आरशासारखा. झेंडूच्या पाकळ्या अजून एका स्क्रूत अडकल्या होत्या.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी डावा हात लांब करून प्रेसच्या तोंडात, बरोबर मधोमध, पत्र्याच्या वीतभर वर घातला. स्क्रीनमध्ये वरच्या ओळीतले पाच-सहा ठिपके हाताआड गेले. खालची ओळ तशीच राहिली. माझ्या हाताखालून, पत्र्यावरून उडी मारून, त्यांचा उजेड माझ्यापर्यंत येत होता.

मी मान वर केली. दिवा हिरवा होता.

माझा अख्खा हात प्रेसमध्ये होता आणि प्रेस म्हणत होती, इथं हात नाही.

फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरत होतं. मोटर चालू होती. पेडल अशरफभाईच्या पायाखाली होतं, आणि तो मान वाकडी करून मोबाइलमध्ये डोकवायला पुढं झुकत होता.

"अशरफभाई," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "पाय हलवू नका."

"काय झालं?"

"पाय. हलवू. नका."

त्यानं पाहिलं. आधी माझ्या हाताकडे, मग दिव्याकडे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मी हात बाहेर काढला.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे मी ह्याच्यावर भरवसा ठेवून..." त्यानं खाली बसून पायातला बूट काढला आणि उगाच परत घातला.

मी मोटर बंद केली आणि काळी दांडी आणली. खांबाला लावून फिरवली. लाल. नेहमीसारखा. मग खांबापासून सरकवत मधोमध आणली. हिरवा. खांबाला चिकटून दांडी धरली की ती उजेड निघतानाच अडवते, त्याला पत्र्याकडे जाऊच देत नाही. मधे धरली की उजेड खालून वळसा घालतो. रोज सकाळी मी अर्धं मिनिट वाचवण्यासाठी फक्त खांबाजवळ फिरवत होतो. अपघाताच्या संध्याकाळीही तिथंच फिरवली होती. त्या यंत्राला अंधार कळतो. त्याला फसवायचं तर उजेडानं फसवावं लागतं, आणि तो उजेड मी चार स्क्रू मारून बसवला होता.

बोराडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"पत्रा काढून टाक. झरोक्यावर पत्र्याचा तुकडा ठोक. विषय संपला."

"आणि रिपोर्ट?"

"कुठला रिपोर्ट?"

"लिंबाजीनं किल्ली फिरवली नव्हती, साहेब."

"रिपोर्टवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"पत्रा कुणी बसवला? कुणाला विचारून? रोजची तपासणी कोण करतं?" त्यांनी एकेका प्रश्नाला एकेक बोट दुमडलं. "गोरख, तुला दोन लहान मुली आहेत. मी तुझ्या भल्याचं सांगतोय. जा."

माझ्या भल्याचं सांगणारी जेवढी माणसं मला आयुष्यात भेटली, त्यांतल्या एकाचंही मला भलं झाल्याचं आठवत नाही. पण त्या दिवशी मी गेलो. पत्रा काढला, झरोका बुजवला. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला प्रेस थांबली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अशरफभाईनं वाजवल्या नाहीत. तो माझ्याकडे बघत होता.

रविवारी पत्रा पोत्यात गुंडाळून मी रांजणगावला लिंबाजीच्या खोलीवर गेलो.

त्याची बायको शेवंता दारात बाजरी निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"आलात? सही करायची ऱ्हायली का कुठं?"

"येऊ दे गं त्याला," आतून लिंबाजी म्हणाला.

तो भिंतीला टेकून बसला होता. उजव्या बाहीचं टोक सेफ्टी पिननं दुमडलेलं. मी पोतं सोडलं, पत्रा पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. दांडीचं, खांबाचं, चार स्क्रूंचं. एकही शब्द गाळला नाही. तो पत्र्यात स्वतःचं तोंड बघत ऐकत होता.

"म्हणजे मीच आणला न्हवं हा?" तो शेवटी म्हणाला.

"आणलास तू. बसवला मी."

"देवीसाठी आणला होता रं."

शेवंता दारातूनच बोलली. "ते कुणी का आणंना. किल्ली फिरवली का ह्यांनी?"

"नाही वहिनी."

"मला न्हाई सांगायचं. गल्लीतली बायामाणसं माझ्या पोराला म्हणत्यात, तुझा बाप लबाडी करायला गेला आन हात घालवून आला. कागदावर सही केलीत ना? मग कागदावरच सांगा."

लिंबाजी पत्र्यापासून मागं सरकला. त्याचा डावा हात उजव्या मनगटापुढच्या हवेत काहीतरी चोळत होता. सावकाश, एकेक बोट धरून चोळावं तसा.

"दुखतंय?"

"आवळतंय. बोटं मुडपून धरल्यासारखी. रोज ह्याच टायमाला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "किती वाजले?"

मी घड्याळ पाहिलं. पावणेपाच वाजले होते.

कंपनीतलं त्याला कुणी सांगितलं असेल. अशरफभाई त्याला भेटायला जायचा. तसंच असेल. मी अशरफभाईला कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी शेवंताच्या पोराच्या वहीतलं पान फाडून मी लिहिलं. पडदा फसला होता, पत्रा मी बसवला, तपासणी मी चुकीची केली, लिंबाजी मस्के याने किल्ली फिरवली नव्हती, माझी आधीची सही खोटी ठरवावी. सरकारी इन्स्पेक्टरच्या नावानं पाठवून दिलं. मला दोन महिन्यांनी नोकरीवरून काढलं; काढणार, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. त्याची रड मी आजही गात नाही. माझ्या हाताला दहा बोटं आहेत.

इन्स्पेक्टर आले तेव्हा बोराडे साहेबांनी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. वयस्कर, चष्मा लावलेले, हळू बोलणारे. त्यांनी लिंबाजीलाही पत्रा घेऊन बोलावलं होतं. सकाळी अकराचा सुमार होता. मोटरचा मेन स्विच त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला, फक्त पडद्याला करंट ठेवला, आणि मला पत्रा परत बसवायला सांगितलं. मी तेच चार स्क्रू मारले.

"आता कुणीतरी हात घाला," ते म्हणाले.

मी पुढं झालो. लिंबाजीनं मला बाजूला सारलं.

"मी घालतो."

त्यानं पिन काढली, बाही वर केली आणि उरलेला हात कोपरापर्यंत मधोमध घातला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. हिरवा. इन्स्पेक्टरनी चष्मा पुसून परत पाहिलं. हिरवाच. मग मी पत्रा काढला. लिंबाजीनं परत हात घातला आणि दिवा लाल झाला. इन्स्पेक्टरनी वहीत लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: ऑपरेटर मस्के यांची कोणतीही चूक नाही. बोराडे साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. अशरफभाईनं लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली.

लोक पांगायला लागले. लिंबाजी तिथंच उभा राहिला. नऊ वर्षं उभा राहायचा त्याच जागेवर, पेडलसमोर. त्यानं उजवा हात परत पुढं केला, पण ह्या वेळी आत घातला नाही. मनगटाचं टोक पडद्याच्या चार बोटं अलीकडं थांबवलं. जिथून पुढं त्याची बोटं असती, तिथून पडदा सुरू होत होता.

दिवा हिरवा होता.

"गोरख्या," तो म्हणाला. "बोटं आत हायेत माझी."

मी दिव्याकडे पाहिलं.

"पत्रा तर काढलास ना? मग आता तरी दिसायला पाहिजेत." त्याच्या कपाळावर घाम आला होता. दंडाची शीर ताठली होती, काहीतरी घट्ट धरल्यासारखी. "मला कळतंय की. पट्टी गार लागतीय."

दिवा हिरवाच होता. मी मागं सरलो, भिंतीपाशी गेलो, आणि मोटरचा मेन स्विच बंद आहे ना, ते हात लावून पुन्हा एकदा पाहिलं.